प्रथमस्तन्याचा निषेध शास्त्रोक्त आहे काय ?

बाळंतिणीस पहिल्या दोन-तीन दिवसांत जें घट्ट, पिवळसर दूध येतें त्यास आपल्याकडे चीक म्हणतात. हा चीक पिळून टाकावा, मुलास तोंवर मधाचें बोट, साखरेचें पाणी अथवा पाणी घातलेलें गाईचें दूध द्यावें, आणि तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीं ‘खरें दूध उतरलें’ म्हणजे मग अंगावर पाजावें, असा परिपाठ महाराष्ट्रांत व महाराष्ट्राबाहेरहि पुष्कळ घरीं होता, आणि अद्यापि तो समूळ गेलेला नाहीं. या परिपाठास आधार विचारला असतां ‘शास्त्रांत तसें सांगितलें आहे’ असें उत्तर मिळतें. शास्त्रांत म्हणजे कोठें, याचा शोध घेण्यास जें कारण घडलें तें प्रथम सांगणें प्राप्त आहे; कारण त्यांत दोष आमचाच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शेजारीं एक मुलगी बाळंतपणास माहेरीं आली होती. प्रसूति रुग्णालयांत झाली व दुसऱ्या दिवशीं मायलेकरें घरीं आलीं. परिचारिकेनें ‘लागलीच अंगावर पाजा’ असें बजावलें होतें. आजीचें म्हणणें तीन दिवस थांबावें. वाद मिटेना तेव्हां आजीबाई आमच्याकडे आल्या व म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या पोथींत काय आहे तें एकदां सांगा, म्हणजे पोर गप्प बसेल.” आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेलेला, वाग्भटाचा तो भाग मुखोद्गत होता. आम्हीं तो म्हणून दाखविला, अर्थ सांगितला, आणि आजीबाई समाधानानें परत गेल्या. चौथ्या दिवशीं त्या मुलीस ताप भरला, स्तन दगडासारखे झाले, आणि मूल इतकें मलूल व पिवळें पडलें कीं दोघांसहि पुन्हां रुग्णालयांत न्यावें लागलें. दोघेंहि बरीं झालीं. आजीबाईंनीं आम्हांस कधीं बोल लावला नाहीं. परंतु आपण एका ग्रंथांतील एक वचन म्हणून दाखविलें आणि त्यास शास्त्र असें नांव दिलें, ही टोंचणी मनांत राहिली. पुढील विवेचन त्या टोंचणीचें फळ आहे.

महाराष्ट्रांतील वैद्यपरंपरेंत अष्टांगहृदयाचा मान मोठा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें त्यावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली, आणि एकोणिसाव्या शतकांत अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं अरुणदत्ताच्या टीकेसह तो ग्रंथ मुंबईस छापविला. या ग्रंथाच्या उत्तरस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत प्रस्तुत विषय आला आहे. तेथें वाग्भट म्हणतो कीं, प्रसूतीमुळें हृदयाश्रित शिरा मोकळ्या होतात व त्यायोगें तिसऱ्या अथवा चौथ्या दिवशीं स्त्रियांस स्तन्य सुरू होतें; म्हणून पहिल्या दिवशीं मुलास अनंतायुक्त मध व तूप तीन वेळां चाटवावें, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीं लक्ष्मणेनें सिद्ध केलेलें तूप द्यावें, आणि तदनंतर, ज्याला तोंवर स्तन निषिद्ध होता अशा त्या बालकास, लोणी देऊन त्यावर स्तन्य पाजावें. (अनंता व लक्ष्मणा या वनस्पति नेमक्या कोणत्या याविषयीं निघंटुकारांत व वैद्यांत एकमत नाहीं, तो वाद येथें नको.)

हें सर्व वाग्भटाचें स्वतःचें नव्हे. सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत हाच क्रम थोड्या शब्दभेदानें आहे, व वाग्भटानें तो तेथूनच उचलला हें दोन्ही पाठ शेजारीं ठेविले असतां कोणाच्याहि ध्यानांत येईल. सुश्रुताचा शब्द ‘प्राङ्निवारित’ असा आहे व वाग्भटाचा ‘प्राङ्निषिद्ध’. निवारणापेक्षां निषेध हा शब्द कडक. तात्पर्य, हीं दोन वचनें वस्तुतः एकच साक्ष आहे. दोन ग्रंथांनीं सांगितलें म्हणून बळ दुप्पट झालें असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां या साक्षींत नेमकें काय सांगितलें आहे तें पाहूं. दोन्ही ठिकाणीं कारण दिलें आहे, आणि तें ‘तस्मात्’ या पदानें पुढील विधीशीं जोडलें आहे. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशीं सुरू होतें, तस्मात् तोंवर मधतूप. म्हणजे मधतुपाचें कारण स्तन्याचा अभाव हें आहे. स्तन्याचा दोष हें नव्हे. पहिलें दूध जड आहे, विषारी आहे, ओवळें आहे, असें एक अक्षरहि येथें नाहीं. स्तन्यदोषांचें वर्णन या ग्रंथांत स्वतंत्रपणें व सविस्तर आहे: वातानें, पित्तानें, कफानें दूषित झालेलें दूध कसें ओळखावें, पाण्यांत टाकलें असतां शुद्ध दूध कसें एकजीव होतें, त्यांत तंतु अथवा फेस दिसत नाहीं, तें तरंगत नाहीं व तळींहि बसत नाहीं, इत्यादि. चरकानें तर क्षीराचे आठ दोष मोजले आहेत. या याद्यांत ‘प्रसूतीनंतर लगेच आलेलें’ असा दोष आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

सुश्रुतास जें दिसलें तें खोटें होतें असेंहि नाहीं. वार पडल्यानंतर शरीरांत जो पालट होतो त्यायोगें भरपूर दूध साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशीं येतें, असें आजचें शरीरशास्त्रहि सांगतें. निरीक्षण अचूक, चुकलें तें अनुमान. कारण त्यापूर्वीं स्तन रिते नसतात. चीक गर्भारपणाच्या मध्यापासूनच तयार होऊं लागतो. तो थोडा असतो इतकेंच, आणि नवजात बालकाचें पोटहि तेवढेंच असतें. विशेष हें कीं, सुश्रुताच्याच ग्रंथांत याची जाणीव आहे. निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायांत स्तनरोग सांगतांना तो म्हणतो कीं, कुमारिकांच्या स्तनांतील धमन्यांचीं मुखें मिटलेलीं असतात म्हणून त्यांस हे रोग होत नाहींत. परंतु प्रसूत झालेल्या व गर्भिणी अशा दोहोंच्याहि धमन्या स्वभावतःच उघडतात. गर्भिणींच्या धमन्या जर आधींच उघडल्या, तर प्रसूतीनंतर तीन रात्री त्या कशाची वाट पाहतात ? एकाच संहितेंतील या दोन स्थळांचा मेळ कसा घालावयाचा हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. निदानस्थानांतील विचार शरीराचा आहे, शारीरस्थानांतील विधीचा आहे. विधीचें वचन लोकाचारांतून आलें असावें व त्यास कारण मागाहून जोडलें असावें, असा आमचा तर्क आहे. अधिक पुरावा मिळेपर्यंत तो तर्कच समजावा.

याच अध्यायांत स्नेहाविषयीं जें म्हटलें आहे तें प्रसंगोपात्त सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अपत्याच्या स्पर्शानें, दर्शनानें, नुसत्या स्मरणानेंहि स्तन्य पाझरतें, आणि अखंड स्नेह हाच त्याच्या प्रवाहाचा हेतु होय, असें सुश्रुत सांगतो. शारीरस्थानांत त्याच्या उलट बाजू आहे: क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांनीं दूध आटतें. मूल रडलें कीं आईस पान्हा फुटतो हें प्रत्येक घरांतील बायांस ठाऊक आहे. पण तें सूत्ररूपानें नोंदविणाऱ्याची दृष्टि काय होती हें ध्यानांत यावें म्हणून येथें उल्लेख केला.

आतां चरकाकडे वळूं. चरकसंहितेच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय जातिसूत्रीय या नांवाचा आहे. त्यांत जातकर्म सांगतांना मंत्रानें अभिमंत्रिलेलें मध व तूप प्रथम चाटवावें असें म्हटलें आहे, आणि लागलीच पुढच्या वाक्यांत, त्यानंतर याच विधीनें उजवा स्तन आधीं पिण्यास द्यावा असें आहे. तीन दिवसांची गोष्ट येथें नाहीं. कोणी म्हणेल, ‘त्यानंतर’ म्हणजे किती वेळानें हें कोठें सांगितलें आहे ? याचें उत्तर क्रमांत आहे. स्तन देण्याच्या पाठोपाठ उशाशीं अभिमंत्रित उदककुंभ ठेवण्याचें व सूतिकागाराच्या रक्षाविधीचें विधान आहे. हीं कृत्यें जन्माच्या दिवसाचींच आहेत. रक्षाविधि चौथ्या दिवशीं आरंभावयाचा नसतो. मग मध्येंच आलेलें स्तनदान तेवढें तीन दिवस पुढें ढकलणें हें वाक्याच्या क्रमास सोडून होईल. शिवाय हा भाग दृढबलाच्या पूर्तीपैकीं नव्हे. दृढबलानें पूर्ण केलें तें चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय व कल्प आणि सिद्धि हीं स्थानें. शारीरस्थान त्यांत येत नाहीं. तेव्हां हें वचन मागाहून घुसडलेलें आहे असेंहि म्हणतां येणार नाहीं.

चरक ‘यथाम्नाय’ असें म्हणतो. आम्नायांत काय आहे ? बृहदारण्यकोपनिषदाच्या शेवटच्या अध्यायांत पुत्रजन्माचा विधि आहे. पित्यानें होम करावा, मुलाच्या उजव्या कानांत तीन वेळां वाणीचें नांव घ्यावें, दहीं, मध व तूप सोन्यानें चाटवावें, मुलास ‘वेद’ असें गुह्य नांव ठेवावें, आणि मग त्यास मातेच्या हवालीं करून स्तन द्यावा. त्या वेळीं म्हणावयाची ऋचा ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६४ व्या सूक्ताची असून तींत सरस्वतीच्या अक्षय्य स्तनाची प्रार्थना आहे. पारस्करगृह्यसूत्रांत हाच प्रकार अधिक स्पष्ट आहे: उजवा स्तन धुवून एका मंत्रानें द्यावा, डाव्याच्या वेळीं सरस्वतीची ती ऋचाहि म्हणावी. आणि जातकर्म केव्हां करावयाचें, तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणें नाळ कापण्यापूर्वीं. म्हणजे या परंपरेंत स्तनदान हें जन्मदिवसाच्या संस्काराचें अंग होतें. सोन्यानें चाटवावयाचा तो मधतुपाचा लेश, त्याच्यामागून स्तन. आज ‘सोनें-मध’ चाटविणें तेवढें उरलें, आणि ज्याच्यासाठीं तें होतें तें पुढें गेलें !

तेव्हां शास्त्र कोणतें ? श्रुति, गृह्यसूत्र व चरक एका बाजूस, सुश्रुत व त्याचा अनुवाद करणारा वाग्भट दुसऱ्या बाजूस. आमच्या आजीबाईंस आम्हीं दुसरी बाजू तेवढी सांगितली.

मग पहिल्या दुधाविषयीं किळस कोठून आली ? याविषयीं दोन गोष्टी सुचतात. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत, विऊन दहा दिवस झाले नाहींत अशा गाईचें दूध वर्ज्य सांगितलें आहे. हा नियम गाईच्या दुधाचा व पिणारा मनुष्य. त्यांत वासराच्या तोंडचा घास काढूं नये हाहि भाव असूं शकेल. परंतु प्रसूतीनंतरच्या दहा दिवसांचें सोहेर, त्यांतील विटाळ आणि हा नियम मिळून मातेच्या दुधासहि तोच न्याय लागला असणें संभवनीय आहे. दुसरी गोष्ट सुश्रुताच्या एका सूचनेची. दूध पाजण्यापूर्वीं स्तन धुवून थोडें दूध काढून टाकावें, नाहीं तर भरलेल्या स्तनाच्या धारेनें मुलास ठसका, खोकला, वांति होते, असें तो म्हणतो. ही सूचना दर वेळच्या पाजण्याची आहे आणि तुडुंब भरलेल्या स्तनाविषयीं ती व्यवहारांत बरोबरहि आहे. ‘आधीं थोडें दूध काढून टाकावें’ याचें ‘आधींचें दूध काढून टाकावें’ असें होण्यास फारसा वेळ लागत नाहीं. पोथ्यांशीं ज्यांचा संबंध आहे त्यांस याहून मोठे विपर्यास ठाऊक आहेत.

यांतील मौज अशी कीं, गाईम्हशींच्या चिकाविषयीं आमची रुचि धर्मशास्त्रास जुमानीत नाहीं. गाय व्याली कीं शेजारीं चीक वांटण्याची चाल आहे व खरवस कोणी नको म्हणत नाहीं. अमरकोशांत ‘पीयूष’ हा शब्द दोन ठिकाणीं आला आहे, एकदां अमृत या अर्थीं व एकदां नव्या व्यालेल्या जनावराच्या दुधास. वासराचें पीयूष आम्हीं वाटी भरून खावें आणि बाळाचें पीयूष मोरीत ओतावें !

येथें धात्रीविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण संहिताकार ज्या घरांसाठीं लिहीत होते त्यांत धात्री ठेवण्याची ऐपत होती. वाग्भटानें मातेचेंच दूध देहवृद्धीस सर्वोत्तम असें म्हणून तें नसेल तर दोन वत्सल धात्री ठेवाव्या असें सांगितलें आहे. धात्री कशी असावी याचीं लक्षणें चरकांत व सुश्रुतांत लांबलचक आहेत: निरोगी, तरुण, जिचीं मुलें जगलीं आहेत अशी, भरपूर दुधाची. लोंबत्या स्तनांनीं मुलाचें नाक-तोंड झांकून तें गुदमरेल अशी भीति सुश्रुत घालतो. पाली जातकांपैकीं मूगपक्ख जातकांत तेमिय राजकुमारासाठीं चौसष्ट निर्दोष धात्री निवडतांना, लोंबत्या स्तनांनीं मुलाचें नाक चपटें होतें असें म्हटलें आहे. दोन परंपरांतील हें साम्य ध्यानांत घेण्याजोगें आहे. धात्रीचें दूध कित्येक महिन्यांचें असतें, त्यांत चिकाचा प्रश्नच येत नाहीं. यामुळें श्रीमंतांच्या सूतिकागृहांत प्रथमस्तन्याची उपेक्षा होण्यास सोपें गेलें असावें.

आपल्या इतिहासांत धात्रीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊचें. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ सालीं पुरंदरावर झाला; मातोश्री सईबाई यांची प्रकृति खालावलेली, त्यामुळें धाराऊस दूधआई म्हणून आणिलें, अशी परंपरा आहे. सईबाई १६५९ सालीं राजगडावर वारल्या. दूधआईस व तिच्या मुलांस, म्हणजे दूधभावांस, राजघराण्यांत जो मान मिळे त्यावरून त्या दुधाचें मोल समाजास किती वाटत होतें हें कळतें. परंतु दूधआई ही उणीव भरून काढणारी. आई असतां तिचें दूध तीन दिवस अडविण्यास तिचा दाखला चालणार नाहीं.

आई व मूल या दोघांचा विचार एकत्र करणारा ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता अथवा वृद्धजीवकीय तंत्र. या ग्रंथाचें एक खंडित ताडपत्री हस्तलिखित नेपाळांत राजगुरु हेमराज शर्मा यांच्या संग्रहीं आलें, व त्यांच्या विस्तृत संस्कृत उपोद्घातासह तें १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापून प्रसिद्ध झालें. संपादनांत यादवजी त्रिकमजी आचार्य यांचा हात होता. कौमारभृत्याचा म्हणजे बालवैद्यकाचा हा एकमेव मोठा प्राचीन ग्रंथ केवळ एका खंडित पोथीच्या आधारें आपणांस मिळाला, हें संग्राहकांस सांगणें नलगे. त्यांतील फक्करोगाचें प्रकरण विशेष वाचनीय आहे. वर्षाचें झालें तरी जें मूल पायांवर चालत नाहीं त्यास फक्क म्हटलें असून त्याचीं तीन कारणें दिलीं आहेत: धात्रीचें दूषित दूध, व्याधि, आणि माता पुन्हां लौकर गर्भार राहणें. तिसऱ्या प्रकारांत दूध लौकर तुटतें व मूल झिजतें. इतर ग्रंथांत गर्भिणीचें दूध पिणाऱ्या मुलाच्या रोगास पारिगर्भिक असें नांव आहे: खोकला, अग्निमांद्य, वांति, कृशता आणि वाढलेलें पोट. १९३० नंतरच्या दशकांत सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनीं आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट येथें, म्हणजे आजच्या घानांत, क्वाशिओरकोर या रोगाचें वर्णन केलें. तो शब्दहि तेथील भाषेंत धाकटें भावंड आल्यानें आईपासून दुरावलेल्या मुलाच्या दुखण्याचा. दोन्ही रोग एकच आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पाळण्यांतील मुलाचें आरोग्य आईच्या पुढच्या गर्भारपणाशीं बांधलेलें आहे, हें दोघांनींहि पाहिलें, इतकेंच.

पहिल्या दुधाच्या बाबतींत आमचाच देश चुकला असेंहि नव्हे. इफिससचा ग्रीक वैद्य सोरेनस यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास मातेचें दूध पहिले वीस दिवस देऊं नये असें लिहिलें, आणि युरोपांत त्या मताचा पगडा शतकानुशतकें राहिला. इंग्लंडांत विल्यम कॅडोगन यानें १७४८ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकांत मुलास लागलीच आईच्या अंगावर पाजावें, पहिल्या दुधानें त्याचा कोठा साफ होतो, असें प्रतिपादिलें तेव्हां तो नवा विचार ठरला.

आज याविषयीं वैद्यकांत वाद उरलेला नाहीं. चीक हा रोगप्रतिबंधक द्रव्यांनीं भरलेला असतो. लागलीच पाजल्यानें आईचें गर्भाशय आकुंचन पावतें व रक्तस्राव आटोक्यांत राहण्यास साह्य होतें. दूध अडवून ठेवल्यानें स्तन तटतात व थानेल्यास निमित्त होतें. जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर पहिल्या तासांत स्तनपान सुरू करावें व सहा महिने दुसरें कांहीं देऊं नये असें सांगते. घानांत केलेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असा हिशेब निघाला कीं, सर्व मुलांस पहिल्या दिवशीं स्तनपान मिळालें तर पहिल्या महिन्यांतील मृत्यु शेंकडा १६ नीं, व पहिल्या तासांत मिळालें तर शेंकडा २२ नीं टळूं शकतील. आपल्या देशांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (२०१९-२१) पहिल्या तासांत स्तनपान मिळालेलीं मुलें शेंकडा ४१.८ भरलीं. मधाविषयीं तर वर्षाच्या आंत तो देऊंच नये असा इशारा आहे. त्यांतील जंतुबीजांमुळें तान्ह्या मुलांस बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा विकार होऊं शकतो. या एका बाबतींत श्रुति, चरक व सुश्रुत तिघांचेंहि वचन बाजूस ठेवावें लागतें, आणि तें ठेवण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. उलट, सुश्रुतानें सहाव्या महिन्यांत सांगितलेलें अन्नप्राशन, म्हणजे आपली उष्टावण, आजच्या मतास जुळतें.

काश्यपसंहितेच्या उपलब्ध प्रतींत सूत्रस्थानाचा आरंभींचा मोठा भाग गळालेला असून मजकूर लेहाध्यायाच्या सुमारास सुरू होतो. लेहाध्याय म्हणजे मुलास काय व केव्हां चाटवावें याचें प्रकरण, आणि त्याच्या पाठोपाठ क्षीरोत्पत्तीचा अध्याय आहे. प्रस्तुत वादाच्या निर्णयास हीं दोन स्थळें अत्यंत उपयोगाचीं, आणि त्यांतील पहिल्याचेंच तोंड तुटलेलें. ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचीं बाडें आहेत त्यांस आमची विनंति आहे कीं, ‘वृद्धजीवक’, ‘काश्यप’ अथवा ‘कौमारभृत्य’ असा उल्लेख असलेलें एखादें सुटें पान जरी सांपडलें तरी तें पाहावें, आणि मराठींतील बाळंतपणाच्या बाडांत पहिल्या तीन दिवसांविषयीं जें लिहिलें असेल त्याची नक्कल मूळ शब्दांत, शुद्धलेखनहि न सुधारतां, या त्रैमासिकाकडे पाठवावी.

शेजारच्या त्या मुलीस पुढें दुसरें मूल झालें. आम्ही चरक व पारस्कर अशीं दोन पुस्तकें काखेंत मारून मुद्दाम आजीबाईंकडे गेलों. त्यांनीं तीं उघडूं दिलीं नाहींत. “मास्तर, तें तुमचें राहूं द्या,” त्या म्हणाल्या, “बाळ केव्हांच अंगावर प्यायलें.”